पंचशीलाचं रेकॉर्डिंग

थोरल्या भावाच्या गळ्यात कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावंच लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून चघळून त्यानं ते स्वतःच ओढवून घेतलं होतं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्याला मात्र वेगळाच घोर लागला होता. सिंदी मेघेत आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, त्रिशरण-पंचशील तोच म्हणायचा. तो एक ओळ म्हणणार, अख्खा मांडव त्याच्यामागून म्हणणार. आता खुद्द त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पण ते पावसाळ्यानंतर, आणि ऑपरेशन तोवर थांबणारं नव्हतं. "आवाज भरून ठेवू," तो म्हणाला.

मोबाइलवर चुटकीसरशी झालं असतं. पण जन्मभर लग्नांना लाउडस्पीकर लावणारा माणूस तो, ऐकतो कसला! "मोबाइलचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटते बे," म्हणत त्यानं आपला जुना कॉम्प्युटर काढायला लावला. त्यात फार पूर्वी वेगळं साउंड कार्ड बसवलेलं होतं. माइक लावला, त्यानं जोरात एक ओळ उचलली, आणि हेडफोनमध्ये नुसती खरखर.

मी कार्ड उपसलं, त्याची टोकं खोडरबरनं घासली, दुसऱ्या खाचेत बसवलं. खरखर होतीच. वायर बदलली, माइकही बदलला, फरक शून्य. "अर्थिंग सुकली असन," तो म्हणाला. मे महिन्यात आमच्याकडे जमीन इतकी वाळते की अर्थिंगच्या खड्ड्यालाही झाडासारखं पाणी घालावं लागतं. मी भर उन्हात मीठ टाकून बादलीभर पाणी ओतून आलो. मग त्यानं कूलर बंद करायला लावला. मागची घूंघूं तेवढी गेली. घामानं आणि संतापानं माझं डोकं फिरलं.

"भंगारात फेक हे कार्ड!" मी ओरडलो.

त्यानं माइक माझ्या हातात दिला. "तू बोल."

मी चिडूनच काहीतरी बोललो. त्यानं ते लावून दाखवलं. माझा आवाज स्वच्छ होता, मागे श्वासही ऐकू येत होता.

"कार्ड बराबर हाये," तो म्हणाला.

घरात तो हळू बोलायचा आणि आमच्या कानांना सवय झाली होती. ओळ उचलायला जोर लावला की गळाच खरखरत होता. हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं, की आलं होतं, कुणास ठाऊक. मला त्याच्याकडे बघवेना. मी स्क्रू पिळायचा पेचकस शोधायला लागलो, उगीचच.

मग तो तसाच म्हणायला बसला. एक ओळ, मग लोकांसाठी थांबणं, मग दुसरी. थांबल्या जागी पडद्याआडून, स्वयंपाकघरातून, वहिनीचा आवाज येऊ लागला. आमच्यात ते ऐकलं की हात जोडले जातात आणि तोंड आपोआप उघडतं. शेवटपर्यंत तिला भान नव्हतं, मलाही नव्हतं. ऐकून बघितलं तर त्याच्यापेक्षा तिचाच आवाज ठळक.

"वहिनी, काऊन म्हटलं तुम्ही?" मी खेकसलो.

"तोंडातून निघून गेलं, भाऊजी."

पुन्हा म्हणायला सांगितलं तर भावानं मानेनंच नाही म्हटलं. रुमालात थुंकला, रुमालाची घडी घातली. "राहू दे. झालं ते झालं."

लग्न नालवाडीच्या एका हॉलमध्ये लागलं. भाऊ ऑपरेशनमध्ये गळ्याला पाडलेल्या भोकावर पांढरं फडकं बांधून पुढे उभा होता, शेजारी वहिनी. मी रेकॉर्डिंग लावलं. त्याची फाटकी ओळ हॉलभर गेली आणि सगळे हात जुळले. तो थांबला की स्पीकरमधून वहिनीचा आवाज यायचा आणि त्यात सगळ्यांचा मिसळायचा. भाऊही बाकीच्यांसारखा स्वतःच्याच मागून म्हणत होता. ओठ हलत होते, फडकं हलत होतं, आवाज नव्हता.

वहिनी ओठ मिटून उभी होती. व्याही मंडळी तिच्याकडे वळून वळून बघायला लागली, तेव्हा मी तिच्या कानाशी वाकलो. "म्हणा ना वहिनी, लोकं पाहून राह्यले."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"ह्यांचा आवाज निघत नाई, भाऊजी," ती म्हणाली. "मी कशी काढू?"