"कोनी राह्यलं का बोलाचं?"

नायकण याडी बैठकीत कधीच आधी बोलायच्या नाहीत. भांडण कसलंही असो, विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीचं, मोडलेल्या सोयरिकीचं, नाहीतर कोणाची बकरी कोणाच्या तुरीत शिरली त्याचं. लिंबाखालच्या ओट्यावर त्या पदर सारखा करून बसायच्या आणि सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. चहा यायचा, कप परत जायचे, दोन्ही बाजू ओरडून दमायच्या. मग याडी मान वर करून एकेकाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कोनी राह्यलं का बोलाचं?" कोणी राहिलं नसेल तरच त्या बोलायच्या. दोन-तीन वाक्यं. त्यानंतर त्या विषयावर तांड्यात पुन्हा बैठक बसत नसे.

मी यवतमाळच्या एका संस्थेत काम करते. आर्णीजवळच्या त्यांच्या तांड्यावर आम्ही बायकांचा कापूस गट चालवायचो. मी विषय ठरवून, प्रत्येक विषयाला वेळ नेमून जायचे आणि दर वेळी संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकवायचे. "याडी, तुमचं मत आधी सांगा ना, म्हणजे लवकर आटोपेल," असं मी एकदा म्हटलं. त्या हसल्या. "माहं मत आधी सांगतलं तं ह्या बाया आपलं कायले सांगतीन? माना हलवतीन अन् घरी जातीन. थांब वं घड्याळबाई. घाई असन तं उद्या ये." तेव्हापासून तांड्यावर माझं नाव घड्याळबाई पडलं. ते मला कधी आवडलं नाही आणि ते कोणी बदललंही नाही.

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. त्यांचा नवरा तांड्याचा नायक होता. तो गेला तेव्हा मुलगा पुण्याला ट्रक चालवत होता, आणि परत यायची त्याला हौस नव्हती. नवा नायक नेमायची चर्चा चालू राहिली, पण भांडणं काही थांबेनात. लोक सवयीने त्याच अंगणात येऊन बसू लागले, आणि समोर याडी असायच्या. नायकाची बायको म्हणून लोक त्यांना नायकण म्हणतच होते. नेमणूक अशी कोणी केलीच नाही. चर्चा मात्र त्यांच्या हयातीत संपली नाही. "होऊ द्या त्याईची चर्चा," त्या म्हणायच्या, "तवरोक मी काम उरकतो."

त्यांच्या त्या प्रश्नामुळेच मला जमनी कळली. ती बैठकीला यायची, पण ओट्यापासून लांब, चपलांच्या ढिगाजवळ बसायची. तिच्या नावावर सातबारा नव्हता. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीत जमिनीचा, एक तुकडा आधी तिची सासू कसायची, नवरा वारल्यावर ती कसू लागली. कापूस चांगला पिकवायची. पण जमीन आपली नाही, म्हणजे बोलणंही आपलं नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. याडी प्रश्न विचारायच्या तेव्हा त्यांची नजर चपलांपर्यंत जायची. "जमनी, तू राह्यली." जमनी मान हलवायची. "नाई कशी? कालदी विहिरीवर तं लय बोलत होती!" बायका हसायच्या, आणि त्या हसण्यात जमनीचं एखादं वाक्य निसटून जायचं.

गटाचा कापूस परदेशी कपडा कंपन्यांसाठी जात होता. भाव थोडा बरा होता, पण खरी गोष्ट ही की काटा तांड्यावर यायचा आणि माप बायकांच्या डोळ्यांसमोर व्हायचं. मग बातमी आली की नवा नियम होणार. कापूस कोणत्या रानातला आहे हे दुकानातल्या गिऱ्हाइकाला आपल्या फोनवर दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक शेताची सातबाऱ्यासह नोंद हवी. नोंद नाही, तर खरेदी नाही. उद्देश चांगला होता. उद्देश नेहमी चांगलाच असतो. पण जमनी आणि तिच्यासारख्या बाया त्यात बसत नव्हत्या.

त्याच सुमारास युरोपातल्या एका शहरातून आमच्या संस्थेला निमंत्रण आलं. जागतिकीकरणावर मोठी परिषद होती. वेगवेगळ्या देशांचे मंत्री, कंपन्यांचे प्रमुख, कामगार पुढारी, धर्मगुरूसुद्धा एकत्र बसणार होते, आणि एका सत्रात कापूस पिकवणारी एक बाई हवी होती. नव्या नियमावरही तिथेच चर्चा होईल असं पत्रात होतं. मी याडींचं नाव कळवलं. तांड्यावर बैठक बसली आणि याडींनी शेवटी विचारलं, "मी तिथं काय सांगू?" या वेळी जमनी स्वतःहून बोलली. "सांगजा का आमचा कापूस बी कापूसच हाय."

पुढचे महिने मी कागदांमागे पळाले. याडींच्या जन्माचं आधार कार्डावर एक आणि रेशनकार्डावर दुसरंच वर्ष निघालं. बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या. नागपूरच्या कार्यालयातला कारकून वैतागून म्हणाला, "आजी, नीट दाबा." याडी म्हणाल्या, "यंत्राले सांग नीट पाहाले." मग आयोजकांची सूचना आली की बाईंनी पारंपरिक पोशाखात यावं. याडींनी मला वेड्यात काढलं. "आरशाचा घागरा, फेटिया? तो लग्नातला हाय वं. मी तिकडं नाचाले जाऊन राह्यली का कामाले?" त्या सुती लुगडं नेसून आणि वर माझा जुना गरम कोट घालून निघाल्या.

विमानात त्यांनी विचारलं, "ताई, हे जागतिकीकरन म्हंजे नेमकं काय व्हय?" मी जमेल तसं सांगितलं, की आपला माल तिकडे, तिकडचा माल इकडे, सगळं जग एक बाजार. त्या म्हणाल्या, "हे तं माहा पनजोबा बी करे. बैलाइवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख फिरे. इकडचं मीठ तिकडं, तिकडचं धान्य इकडं. तवा कोनी त्याले सातबारा नाई मांगला." मी म्हटलं, "याडी, हेच बोला तिथे. अगदी हेच." माझ्या डोक्यात तेव्हाच त्यांचं भाषण तयार झालं. त्यांना चार मिनिटं दिली होती. घरी मी घड्याळ लावून सराव करून घेतला होता, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढं सांगाले चार मिनिट कायले? दोन बस."

दालन मोठं होतं आणि त्यात आवाज अजिबात नव्हता. पायाखाली जाड गालिचा, कानाला यंत्रं, प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली. अध्यक्ष उंच आणि गोड बोलणारे होते. त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं आणि सांगितलं की सर्वांत मोठा मान आम्ही शेतातून आलेल्या पाहुणीला देतो, पहिलं भाषण त्यांचं. मी याडींसमोरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. याडींनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाल्या, "आधी पाव्हन्याइले बोलू द्या. मी मागून बोलतो."

मी त्यांच्या कानाशी लागले. "याडी, आत्ताच बोला. इथे मागून कोणी थांबत नाही."

"पयलं बोलते तो फिर्यादी, शेवटी बोलते तो नायक. मी काय फिर्याद घेऊन आली का?"

"हो! फिर्यादच घेऊन आलोय आपण!"

"तू आली असशीन," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी आपली गोष्ट सांगाले आली. फिर्यादीची गोष्ट कोनी धरत नसते, तिच्यावर दया करते."

दुभाष्याने त्यांचं पहिलं वाक्य सांगितलं आणि दालनात टाळ्या वाजल्या. केवढी ही नम्रता! नम्रता कसली, याडींनी सरळ नायकाची जागा घेतली होती, पण ते तिथे कोणाला कळणार? मग भाषणं सुरू झाली. चार मिनिटांची दहा झाली, दहाची पंधरा. एका मंत्र्याने आपल्या आजोबांच्या शेताची आठवण सांगितली. एका कंपनीप्रमुखाने 'सर्वांना सामावून घेणं' हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की याडींनी मला विचारलं, "हा तेच तेच काय म्हनून राह्यला?" त्या एकेका बोलणाऱ्याकडे मन लावून बघत होत्या. मी हातातल्या पेनाची पुन्हा पुन्हा उघडझाप करत होते. मग अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, वेळ संपल्याबद्दल खेद व्यक्त केला, याडींची खास क्षमा मागितली आणि सत्र संपवलं. कोणी राहिलं का, हे विचारणं त्या दालनात कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

लोक उठले. याडी बसूनच राहिल्या. नायक उठल्याशिवाय बैठक उठत नाही, हे त्यांच्या हाडात होतं. "उठले काहून हे? फैसला तं झालाच नाई." खुर्च्या रिकाम्या होत होत्या आणि दोन-तीन जण याडींबरोबर फोटो काढायला रांगेत उभे होते.

मी संतापून बाहेर आले. कॉफीच्या टेबलापाशी खरेदीचं काम बघणारी एका कंपनीची बाई भेटली. ती एकदा तांड्यावर येऊन गेली होती, याडींच्या हातची भाकरी खाल्ली होती. मी तिला म्हटलं, आमच्या बाईंना एक मिनिट तरी द्या, त्या नियमाबद्दल बोलायचं आहे. ती खरोखर ओशाळली. म्हणाली, नियमाचं तर मागच्या आठवड्यातच ठरलं, आम्ही सगळ्यांनी फोनवर ठरवलं, इथे फक्त चर्चा होती. आत जाऊन मी ते जसंच्या तसं याडींना सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग कोट घातला आणि म्हणाल्या, "चाल." परतीच्या प्रवासात त्यांनी खाणंपिणं सोडून दुसरा विषय काढला नाही.

तांड्यावर बैठक बसली तेव्हा मी तयारीनिशी गेले होते. काय झालं ते मी सविस्तर सांगणार होते, फोनवर आधीच ठरल्याचंसुद्धा. याडींनी मला हाताने थांबवलं आणि त्या बोलल्या. "माही चूक झाली. मले आधी बोलाले सांगतलं, मी मागं राह्यली. सभा सुटली. आधी बोलली असती तं काम झालं असतं." बस. मग एकजण कुजबुजली, "याडी बी चुकते?" जमनी याडींकडे एकटक बघत होती.

मी त्यांना घरामागे गाठलं. "खोटं का सांगितलं? तुमच्या बोलण्याने काहीच होणार नव्हतं. सगळं आधीच ठरलं होतं!"

"ठाऊक हाय मले."

"मग?"

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत होत्या. "आधीच ठरून असते, असं मी ओट्यावर बसून सांगतलं, तं जमनी पुन्हा तोंड उघडन का? तिले चपलांपासून इथवर आनाले मले किती वर्सं लागले, तुले ठाऊक नाई. माही चूक झाली तं होऊ दे. चूक सुधरता येते."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. खोट्यावर उभी केलेली हिंमत किती दिवस टिकणार? आम्ही त्यावर भांडलो आणि मी शेवटची एस.टी. गाठून निघून आले.

नियम लागू झाला. याडींनी जमनीचा कापूस आपल्या नावावर मापायला लावला, तर फोनमधल्या यंत्रणेने तो नाकारला. तुमच्या एवढ्या रानात एवढा कापूस पिकूच शकत नाही, असा निरोप आला. "पाह्य बरं," याडी म्हणाल्या, "याले माहं रान ठाऊक हाय, जमनीचं नाई." जमनी आणि आणखी काहीजणी आर्णीच्या व्यापाऱ्याकडे परत गेल्या, त्याच्या काट्यावर. मी प्रत्येक बैठकीनंतर हा विषय वर, कंपन्यांकडे पाठवला, प्रत्येक वेळी नोंद घेतल्याचं उत्तर आलं.

याडी मागच्या उन्हाळ्यात वारल्या. साधा ताप होता, आर्णीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी पोचले तेव्हा ओटा माणसांनी भरला होता आणि कोणीच काही बोलत नव्हतं. सगळे कोणाची तरी वाट बघत असावेत असं बसले होते.

यंदा त्याच परिषदेची एक विभागीय बैठक नागपूरच्या एका हॉटेलात ठेवली होती. परदेशी पाहुणे येणार होते, विषय पुन्हा जागतिकीकरणात मागे राहिलेल्यांचा. आयोजकांनी 'त्याच बाईंना' आणायला सांगितलं. त्या नाहीत असं कळवल्यावर उत्तर आलं, मग तशाच दुसऱ्या एखाद्या बाईंना पाठवा. मी चिडून नकार लिहायला घेतला होता. तेवढ्यात जमनीचा फोन आला. तिला तांड्यावर कुठून तरी कळलं होतं. "ताई, मी येतो," ती म्हणाली.

आम्ही पहिल्या गाडीने निघालो. दालनात पोचलो तेव्हा कामगार टेबलांवर पांढरं कापड अंथरत होते आणि ध्वनिवर्धक तपासणं चालू होतं. जमनी सरळ पुढे गेली आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसली. ती राखीव आहे असं एका मुलीने सांगितलं, तरी उठली नाही. "अध्यक्षाले सांगजा, पयलं मी बोलनार हाय."

कार्यक्रमाबद्दल मी आयोजकांशी आदल्या दिवशीच बोलले होते. नियमात बदल होणार नाही, हे त्यांनी मला अगदी सभ्यपणे सांगितलं होतं. जमनी खुर्चीत ताठ बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. मग तिने वळून रिकाम्या दालनाकडे पाहिलं.

"ताई, याडीसारखी चूक नाई ना झाली? येळेवर आलो ना आपुन?"

"हो," मी म्हणाले. "अगदी वेळेवर आलो."