मॅचिंगवालीचं कव्हर

मी एकदा मोबाईलचं रबरी कव्हर पातेल्यात शिजवलं होतं. मीठ घालून. (नातवंडं आता हसतात. तेव्हा ती जन्मली नव्हती, हे माझं नशीब.)

कोप्पीकर रोडला आमचं मॅचिंगचं दुकान. परकर, फॉल, ब्लाउजपीस. दारावर सासऱ्यांनी लिहून घेतलेली पाटी: ‘रंग पक्का, गेल्यास परत.’ केशवापुरातल्या आमच्या घरी पडद्याला न जुळणारं पायपुसणंसुद्धा टिकत नसे.

मेधाचा, म्हणजे आमच्या लेकीचा, साखरपुडा ठरला. मुलाकडचे धारवाडचे. लग्नातल्या सगळ्या साड्यांचे फॉल आमच्याकडून लावून घ्यायचं विहीणबाईंनी जवळजवळ कबूल केलं होतं.

“त्या पाटीवर विश्वास ठेवून आहेत,” हे म्हणाले. “उद्या काही नवीन करू नकोस.”

आता मी नेसणार वांगी रंगाची इरकल, आणि माझ्या पहिल्यावहिल्या मोबाईलचं कव्हर दुधासारखं पांढरं. मॅचिंगवालीच्या हातात!

“अक्का, कव्हर काढून ठेवा की,” धाकटी जाऊ शारदा म्हणाली.

“उघडा फोन? तू परकराशिवाय साडी नेसतीस का?”

साखरपुड्याच्या सकाळी फॉल रंगवायची पुडी आणली, पाणी उकळलं, मीठ टाकलं, कव्हर सोडलं. अर्ध्या तासानं ते आत गेलं त्याहून स्वच्छ होऊन बाहेर आलं. मग व्हिनेगर घालून पुन्हा. पातेलं जांभळं झालं, पळी जांभळी झाली, ओट्याची फरशी जांभळी झाली. कव्हर पांढरं.

“साकु, पुरे आता, अक्का. पाव्हणे चारला येणार.”

“साकु म्हणायला मी जेवायला बसलेय का?”

तेवढ्यात बिलावर मारायचा दुकानाचा शिक्का दिसला. रबरी. रबरी शिक्का शाई धरतो, मग रबरी कव्हर का धरणार नाही? (शिक्का शाई कशासाठी धरतो, एवढा विचार काही माझ्या डोक्याला शिवला नाही.) जांभळ्या शाईची अख्खी बाटली कव्हराला चोळली. पंख्याखाली वाळवलं. हुबेहूब इरकल! शारदाला तीनदा दाखवलं.

चार वाजता विहीणबाई आल्या, पण मुलाच्या काकांची गाडी वाटेत रायापूरला बंद पडली. ते दर पाच मिनिटांनी मला फोन करायचे. उन्हाळ्याचे दिवस, घामाचा हात, मी प्रत्येक वेळी फोन गालाला घट्ट दाबून “या, सावकाश या” म्हणत होते.

“अक्का, तुमचा गाल,” शारदा कुजबुजली.

“लेकीचं ठरलंय. तेज येणारच.”

त्याच तेजात मी विहीणबाईंना हळदीकुंकू लावलं आणि प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. साडी त्यांची मोतिया रेशमाची. हात उचलला, तर खांद्यावर पाच बोटं, वांगी रंगात, नखांसकट.

हे ओला रुमाल घेऊन धावले. पुसलं. पसरलं. मग मी साबण लावला, शारदानं लिंबू चोळलं. जो रंग दिवसभर कव्हरावर बसायला तयार नव्हता, तो रेशमात असा मुरला की लिंबू हरलं. मेधा माझ्याकडे बघेना. हे जमिनीकडे बघत होते.

विहीणबाईंनी आधी आपला खांदा बघितला, मग माझा गाल, मग माझ्या हातातला फोन. आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “रंग पक्का आहे हो तुमचा. मुलगी घेऊन जातो, फॉल मात्र धारवाडातच लावून घेऊ.”