थांबायची कारणं

अण्णांच्या छातीत भरून येतं, हे अण्णा सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली, तेव्हा "ॲसिडिटी हाय" म्हणून त्यांनी विषय मिटवला. माजलगावला चिनी पद्धतीने सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे यायला मात्र लगेच तयार झाले. तिथे मशीन नाही, नुसती नाडी आणि जीभ बघतात, हे त्यांना पटलं.

परक्या बाईसमोर जीभ काढायची म्हणून आईने त्यांना सकाळी जिभलीने दोनदा जीभ घासायला लावली. बाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि हसल्या. "अहो, जिभेवरचा थरच तर मला बघायचा असतो. तो तुम्ही घरीच ठेवून आलात." अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जिभली मीच चालवली होती.

मग बाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली. म्हणाल्या, "हृदयाचं दुखणं एकच असलं तरी कुणाचं रक्त साकळलेलं असतं, कुणाला गारठा धरतो, कुणाची ताकदच कमी पडते. ते विचारल्याशिवाय कळत नाही." थंडीत वाढतं का? झोप लागते का? चढावर थांबावं लागतं का?

"न्हाई," अण्णा म्हणाले. सगळ्याला तेच. मी दातओठ खात बसले होते.

"थांबतेत की," आई हळूच म्हणाली. "रानात जाताना चढ लागला की थांबतेत. तूर कशी आलीय बघ म्हंतेत. तूर काढून महिना झाला, तरी बघतेतच. गारठा असला की लई थांबतेत. हात हितं असतो." तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

अण्णा वरमले. "तुला काय दिसतंय? तू तर माघं चपलीचा अंगठा नीट करत बसती."

"अंगठ्याला काय बी झालं न्हाई."

"मंग कावून बसती?"

"तुमी थांबता म्हनून."

मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं. बाईंनी सुयांचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "सुया टोचायला मी इथंच आहे. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासणी करून या, लांबवू नका." अण्णांनी आईला विचारलं, "तू येती का संगं?" आई उठलीसुद्धा.

त्याच आठवड्यात तपासणी झाली, स्टेंट बसला. आता अण्णा चढ एका दमात चढतात. आई मागे पडते, तिचे गुडघे धरलेत, पण ते ती कुणाला सांगत नाही. अण्णा वर जाऊन थांबतात आणि ती येईपर्यंत तूर बघत राहतात.