गोणपाटातला ‘म’

धुळ्यात पॉलिटेक्निकला होतो, तेव्हा वाटेत लाकडी अक्षरं कोरणाऱ्या एका माणसाचं दुकान लागायचं. पाट्यांसाठी तो अक्षरात खोबण कोरायचा, तिच्यात बारीक बल्बची माळ बसवायचा आणि वर दुधी काच ठेवायचा. खोबण झाली की फुंकर मारून भुसा उडवायचा, करंगळी फिरवायचा आणि भर दुपारी अक्षर घेऊन गोणपाटात शिरायचा. उजेड तपासायला त्याच्याकडे तेवढाच अंधार होता.

मी एकदा तोऱ्यात त्याला ‘म’चं ड्रॉइंग करून दिलं. खोबण सगळीकडे सारखीच खोल. त्यानं तशीच कोरली, माळ बसवली, वर काच ठेवली आणि गोणपाट माझ्यापुढे धरलं.

“भाऊ, मजार डोकं घाल.”

आत बघतो तर उभी रेघ शिरोरेषेला मिळते तिथे बल्बची गर्दी झालेली. डोळ्यांत नुसते बल्ब घुसत होते, अक्षर दिसेचना.

“दिवा दिखाले नको,” तो बाहेरून म्हणाला, “उजेड दिखाले जोयजे.”

मग त्यानं तो सांधा पटाशीनं आणखी खोल केला, तिथले बल्ब काचेपासून लांब गेले.

आता मी कॉम्प्युटरवर एलईडीच्या अक्षरांच्या खोबणी काढतो. सॉफ्टवेअर सगळी खोली सारखी करून देतं. सांधे मी वेगळे खोल करतो. परवा पहिला नमुना मशीनवर कापून आला. भुसा नव्हता, तरी मी फुंकर मारली. मग एलईडी आणि काच बसवली, कोट काढला आणि अक्षरासकट डोक्यावर ओढला. ऑफिसातली पोरं हसली. आत बल्ब कुठेच दिसत नव्हते, नुसता ‘म’ होता. बाहेरून कुणीतरी काही म्हणेल म्हणून मी थोडा वेळ तसाच थांबलो.