बळीरामाच्या आधी

जगन घरतला काय हवंय असं कोणी विचारलं असतं, तर त्यानं आधी बळीरामाला काय हवंय ते पाहून घेतलं असतं आणि मग उत्तर दिलं असतं. दोघं गव्हाणचे, एकाच आळीतले. शाळेत एकत्र गेले, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत एकाच महिन्यात हेल्पर म्हणून लागले आणि खांदा कॉलनीत समोरासमोर खोल्या घेऊन राहिले. बळीरामानं दाराला फुलाफुलांचा पडदा लावला की आठवड्याभरात जगनच्या दारालाही पडदा यायचा, जरा मोठ्या फुलांचा. टेपरेकॉर्डरचंही तसंच झालं. लोकांना ती मैत्री वाटायची. मैत्री होतीही. पण बळीरामाचं काही बरं झालं की जगनच्या घशाशी काहीतरी आंबट यायचं, आणि ते गिळत गिळतच तो म्हणायचा, "वा रे! झकास झालं."

एक्याण्णव सालच्या जानेवारीत कंपनीनं दरवर्षीसारख्या डायऱ्या वाटल्या. एरवी त्यांत दुधाचा हिशेब लिहिला जायचा. त्या वर्षी मात्र मॅनेजरनं पुण्याहून एक व्याख्याते आणले. कँटीनमध्ये बाकांवर कामगार बसले, समोर सफारी घातलेले ते गृहस्थ.

"माणूस ठरवतो आणि लिहून काढतो, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं," ते म्हणाले. "रोज सकाळी लिहा. मला काय व्हायचंय. त्यासाठी आज काय करणार. आणि काल माझं काय चांगलं झालं. तक्रार एकही लिहायची नाही."

मागच्या बाकावर जगन हसला. "सायबाला म्हणावं, ॲसिडच्या टाकीजवळ उभा राहा नि मग चांगलं काय झालं ते लिव."

बळीराम हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये तो गुडघ्यावर डायरी ठेवून लिहायला लागला. बस हिंदकळायची, अक्षरं वेडीवाकडी व्हायची, पण तो लिहायचा. होळीपर्यंत त्यानं तंबाखू सोडली. फोरमन त्याला मोकळ्या वेळात बॉयलरजवळ उभं राहू द्यायला लागला.

"काय लिवतोस रं रोज?" जगननं शेवटी विचारलं.

"बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा द्यायची हाय. पास झालो की बॉयलर आपल्या हातात, पगारबी वाढंल. पुढच्या साली." बळीरामानं डायरी सरळ त्याच्यापुढे धरली. "तू पण दे की. दोघं मिळून अभ्यास करू."

त्या मोकळेपणानं जगन जास्तच जळला. लपवलं असतं तर निदान त्याला नावं ठेवता आली असती.

घरी येऊन त्यानं आपली डायरी शोधली. ललितानं, त्याच्या बायकोनं, पहिल्या काही पानांवर किराणा लिहिला होता. पुढच्या कोऱ्या पानापासून जगननं सुरुवात केली. पंधरा-वीस दिवस नेमानं लिहिलं. एका रविवारी ललिता सुपात जवळा निवडत बसली होती. ती सातवी शिकलेली.

"बघू तरी काय लिवताय," ती म्हणाली. जगननं ऐटीत डायरी तिच्या हातात दिली.

ती मोठ्यानं वाचायला लागली. "काय व्हायचंय? बळीरामाच्या आधी बॉयलर अटेंडंट. काल काय चांगलं झालं? बळीरामाची बस चुकली." तिनं पान उलटलं. "काल काय चांगलं झालं? फोरमन बळीरामावर ओरडला." आणखी एक पान. "बळीरामाच्या नव्या शर्टाला डाग पडला."

तिनं डायरी मिटली. "आनी तुमचं?"

"माझं काय?"

"तुमचं काय चांगलं झालं?"

 जगन चप्पल घालून उगाच नाक्यापर्यंत जाऊन आला. पण लिहिणं थांबलं नाही, कारण समोरच्या खिडकीत बळीराम लिहिताना दिसायचा.

एक मात्र खरं, त्या जळण्यानं जगनला जसं कामाला लावलं तसं कोणत्याही साहेबाच्या भाषणानं लावलं नसतं. बळीरामाच्या खोलीत दिवा लागला की हा उठायचा. दोघांनी अर्ज भरले. अभ्यास मिळून करायचा असं बळीराम म्हणाला होता, पण जगन दर वेळी काही ना काही कारण काढायचा.

ब्याण्णव साली मुंबईला परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत साहेबांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला होता : बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल? बळीराम घाबरून म्हणाला, लगेच पाणी सोडीन. जगन म्हणाला, "आधी आग बंद. तापलेल्या बॉयलरात गार पाणी सोडलं तर सगळेच जाऊ."

जगन पास झाला, बळीराम नापास.

निकालाच्या दिवशी ललितानं शिरा केला. जगन दाराकडे तोंड करून बसला होता. समोरचा कधी येतो नि त्याचं तोंड कसं दिसतं, ते त्याला बघायचं होतं. बळीराम आला, हातात नारळ. "आपल्या आळीतला पहिला बॉयलरवाला!" म्हणत त्यानं जगनला मिठीच मारली. जगननं त्याच्या चेहऱ्यावर खूप शोधलं. डोळे सुजलेले होते, म्हणजे वाईट वाटलं होतं. पण जगनच्या पास होण्याचं वाईट त्यात कुठंच नव्हतं.

जगननं शिऱ्याची बशी बाजूला सारली. इतकी वर्षं त्याला बळीरामाचा पडदा, टेपरेकॉर्डर, फोरमनची मर्जी हवी होती. आता त्याला बळीरामासारखं हरता यायला हवं होतं, आणि ते कुठल्या दुकानात मिळणार?

"मना शिकवशील?" बळीरामानं जाताना विचारलं. "पुढच्या साली परत बसतो."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. वर्षभर सुट्टीच्या दिवशी जगन त्याला शिकवायला बसला. बळीरामाचं उत्तर बरोबर आलं की शिकवणाऱ्याचं तोंड कडू व्हायचं. एकदोनदा चुकीचं सांगावं असंही मनात आलं. पण बॉयलरची गोष्ट, चुकीचं सांगितलेलं उद्या कोणाच्या अंगावर फुटेल कोण जाणे. त्यानं सगळं बरोबर शिकवलं, रागारागानं का होईना.

बळीराम पास झाला. पेढ्यांचा पुडा घेऊन तो आधी जगनकडेच आला.

"वा रे! झकास झालं," जगन म्हणाला.

बळीराम त्याच्याकडे बघून हसायला लागला. "तुला वाईट वाटलं ना?"

जगन पुड्याची दोरी सोडायला लागला.

"शाळेपासून बघतोय मी. माझं काय बरं झालं की तुझं तोंड असं होतंय, चिंच खाल्ल्यासारखं."

"मग बोलला नाय कधी?"

"काय बोलायचं? तुला जळायचं असतंय, जळ. पण शिकवलंस तर सगळं बरोबरच ना?" बळीरामानं पेढा पुढे केला. "खा आता."

जगननं पेढा घेतला. "थोडं वाटलं," तो म्हणाला.

"थोडं?"

"लय वाटलं."

आतून ललिताचं हसू ऐकू आलं.

पुढे बरीच वर्षं दोघं त्याच बॉयलरवर आळीपाळीच्या पाळ्यांना होते. जगन कामावर यायचा तेव्हा बळीरामानं काही चूक ठेवलीय का, हे तो बारकाईनं बघायचा. चूक सापडायची नाही. मग तो थोडा खट्टू व्हायचा आणि कामाला लागायचा.