अडकित्त्यानं कापलेली सिगार

“वैनीस्नी म्हणावं, आतच बसा. पाव्हण्यांपुढं ते दात नकोत.”

काका हे काकूला म्हणाले, ओसरीच्या दारात, आवाज खाली करून. पण आवाज खाली करायची त्यांना सवय नाही. मी चहाचा ट्रे घेऊन मधल्या खोलीत उभी होते आणि आई माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात. तिनं ऐकलं. पदराचं टोक ओठांवर धरलं आणि ओट्याकडे वळली.

ते दात म्हणजे मिश्रीचे दात. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं आणि सकाळी बोटानं दातांना घासायचं. आई लग्नाआधीपासून हे करते. सवय वाईट आहे, हे मी तिला शंभरदा सांगितलंय. तो आमच्या दोघींतला प्रश्न आहे. पण महिन्यापूर्वी चुलतभावाची सुपारी फुटली तेव्हा फोटो काढताना काका सगळ्या पाहुण्यांत मोठ्यानं म्हणाले होते, “वैनी, तोंड मिटून हसा, न्हाईतर फोटोत अमावस्या दिसंल.” सगळे हसले. आईसुद्धा हसली, तोंड मिटून. तेव्हापासून ती तशीच हसते. दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, फक्त मी समोर असले तरी.

सुपारीच्या दिवशी मी काही बोलले नाही. मी कुठेच काही बोलत नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोलल्याबद्दल उभं करायचे आणि इथं न्हावऱ्याला, काकांच्या गावी आल्यावर माझ्या मराठीला हसायचे, त्यामुळे गप्प बसणं मला सोपं गेलं. आणि खरं सांगायचं तर सातवीत मीच आईला खोटं सांगितलं होतं, पालकसभेला फक्त वडील चालतात. म्हणजे सूड उगवायचा तर पहिला नंबर माझा. पण स्वतःवरचा राग माणूस किती दिवस धरणार? काकांवरचा मात्र मी महिनाभर नीट जपला होता.

ओसरीवर काकांचे पाटसचे व्याही बसले होते, चुलतभावाच्या लग्नाची तारीख ठरवायला. साधा माणूस. त्यांनी खिशातून तंबाखू-चुन्याची पिशवी काढली, तर काका म्हणाले, “ते ठेवा आप्पा. आज इम्पोर्टेड हाय.”

शिक्रापूरच्या एका कंपनीला काकांच्या गाड्या लागतात. तिथल्या साहेबांनी दिलेली लाकडी पेटी त्यांनी टीपॉयवर मांडली. आत पाच सिगारी, जवळजवळ काळ्या, आणि घडी घातलेला एक इंग्रजी कागद.

“बाळा, इकडं ये. तुझ्या इंग्लिश मिडियमचा आज तरी उपेग होऊ दे. ह्या कागदावर काय लिवलंय, ते आप्पांना वाचून दाखव. चव कशी असती, काय असती, सगळं.”

मी कागद उघडला. कंपनीचा पत्ता होता आणि कॅन्सरचा इशारा. चवीबद्दल एक अक्षर नव्हतं.

“आधी एक बघू?” मी विचारलं. बहुतेक त्या घरातलं माझं पहिलंच वाक्य, जे कुणी विचारल्याशिवाय मी बोलले.

सिगार बोटांत वजनदार होती. वरचं पान तेलकट, त्यावर बारीक शिरा, जोड शोधूनही सापडत नव्हता. नाकाशी धरली. ओल्या मातीचा वास, जुन्या चामड्याचा, कॉफीचा, आणि त्यामागे काहीतरी इतकं ओळखीचं की मला स्वयंपाकघराकडे बघावं लागलं. बाजारात आई तंबाखूचं पान असंच चोळून हुंगते आणि दुकानदाराला सांगते, “हे कच्चं हाय, दुसरं दाव.” तिचं कधी चुकत नाही.

तेव्हा मी ठरवलं.

काकांनी सिगारचं टोक अडकित्त्यानं कातरलं, चार काड्या ओढून पेटवली आणि विडीसारखा धूर छातीत घेतला. डोळे पाण्यानं भरले. “एक नंबर,” ते कसेबसे म्हणाले.

“गिळायचा नाही काका. तोंडातच खेळवायचा, मग सोडायचा.” हे मात्र खरं होतं. मग मी कागद वर धरला. “इथं लिहिलंय, आधी जिभेच्या टोकाला चुरचुर. मग गोडसर. करपलेल्या गुळासारखं.”

“व्हय, गूळच!” काकांनी सिगार व्याह्यांपुढे धरली. “वढून बघा आप्पा.”

व्याह्यांनी झुरका घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. “करपल्यावानी लागतंय खरं. वाच की ताई, फुडं काय?”

मला अजिबात घाई नव्हती.  

“हे पान लोखंडावर मंद आचेवर भाजतात. आधी धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला येतो. मग एका क्षणी वास बदलतो. तो बदलला की लगेच उतरवायचं. जरा उशीर झाला की नुसती राख. तो क्षण घड्याळावर कळत नाही, नाकानंच कळतो. असं नाक फार थोड्यांना असतं.”

काकांनी मांडीवर थाप मारली. “बघा आप्पा! ह्याला म्हंत्यात कारागिरी. न्हाईतर आपल्याकडच्या बाया. नुसतं पान जाळायचं आन् तोंड काळं करून घ्यायचं.”

“खरंय,” व्याही म्हणाले, पण सावकाश. त्यांची नजर माझ्यावर होती. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“असलं नाक आसणारं माणूस आपल्या घरात पायजे होतं,” काका धूर सोडत म्हणाले. “डोक्यावर घिऊन नाचलो आस्तो.”

मी कागदाची घडी घातली आणि व्याह्यांच्या हातात दिली. त्यांना इंग्रजी येत नसेल. पण चार ओळीच आहेत, हे कुणालाही दिसलं असतं. त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला. मग काकांकडे पाहिलं.

“काका,” मी म्हणाले, आतपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं, “कागदावर फक्त पत्ता आणि कॅन्सरचा इशारा आहे. बाकी मी जे सांगितलं, ती माझ्या आईची मिश्री.”