नंबर जाईल म्हणून

डिचोलीत माझं गॅरेज आहे. ट्रकांच्या स्प्रिंगांचे मोडलेले पाटे बदलायचे, हा मूळ धंदा. खाणी जोरात होत्या तेव्हा जेवायला फुरसत नसे. त्या बंद पडल्या आणि गॅरेजासमोर कुत्रं फिरकेना. थोडे दिवस डोकं धरून बसलो, मग पिकअप, टेम्पो, मिळेल त्या गाडीचं काम घ्यायला लागलो.

माझा थोरला भाऊ मात्र बसून राहिला. त्याचा एकच ट्रक, तोही तो स्वतः चालवायचा. डिचोलीच्या ट्रकमालकांच्या संघटनेत प्रत्येक ट्रकाला नंबर असतो आणि त्या नंबरानेच खनिजाची खेप मिळते. दर संघटना ठरवते. कोरा करकरीत ट्रक असो की धूर ओकणारा खटारा, पाळी सारखीच. बाहेरगावच्या ट्रकाला मज्जाव. आणि ट्रक विकला की नंबर गेला, तो परत मिळत नाही.

मला ही पद्धत कधीच पटली नाही. जो गाडी चांगली ठेवतो, वेळेवर पोचतो, त्याला दोन खेपा जास्त का नकोत? वर सरकारने ट्रकमालकांना मदत जाहीर केली तेव्हा तर माझं टाळकंच फिरलं. खाणीच्या फाटकापाशी पावभाजी विकणाऱ्या बाईला कोणी काही दिलं नाही. तिची चूल विझली तरी रस्ता अडत नाही ना! ट्रक आडवे लावले की गाव थांबतं, म्हणून मदत ट्रकांना. आणि तिचे पैसे करातून भरायचे कोणी? टेम्पोखाली पाठ घासणाऱ्या माझ्यासारख्यांनी.

मी दादाला बजावलं, "भाव आहे तोवर विकून टाक. ही मदत नाही, तुला जागेवर बसवून ठेवायची सोय आहे."

"विकलो तर नंबर गेलो," तो म्हणायचा. "फुडल्या वर्सा खाण सुरू जातली."

असं तो दर गणपतीला म्हणायचा. ट्रक अंगणात पावसात उभा, टायरांना भेगा, वहिनी शेजारच्या काजूच्या कारखान्यात जायला लागलेली. तिथून आली की काजूच्या टरफलांच्या तेलाने तिची बोटं काळी असत, आणि ती बघून मला त्या मदतीचा फार राग येई.

शेवटी मीच खटपट केली. मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या एका रस्त्याचं काम चाललं होतं, तिथल्या ओळखीच्या ठेकेदाराला खडी वाहायला ट्रक हवे होते. मी दादाचा ट्रक चालता केला, टायर घातले, बॅटरी घातली. दादाने पुढे जास्वंदीचा हार लावला. कितीतरी दिवसांनी त्याने दाढी केली होती. मी शेजारी बसलो. वाटेभर तो शीळ घालत होता.

धारगळच्या पुढे दहाबारा जण रस्त्यात उभे होते. तिथल्या पेडणे तालुक्यातलेच ट्रकमालक.

"खंयचो ट्रक?"

"दिवचलचो," दादाने डिचोलीचं कोकणी नाव सांगितलं.

"हांगा पेडण्याचेच ट्रक चलतले."

मी खाली उतरून तावातावाने भांडायला लागलो. ठेकेदाराने बोलावलंय, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का, सगळं बोलून घेतलं. मागे बघतो तर दादा ट्रक वळवत होता.

"थांब! घाबरलास काय त्यांना?" मी ओरडलो.

"बस वयर," तो शांतपणे म्हणाला. "आमी दिवचलांत तांचे ट्रक चलूंक दिल्ले?"

"त्यांनी तुझी भाकरी काढून घेतली, दादा!"

"आनी आमी तांची."

त्याने कधीतरी असेच बाहेरचे ट्रक परत पाठवले होते, हे मला ठाऊक होतं. तरी मला चीड आली, त्याच्यापेक्षा त्याच्या समजूतदारपणाची. 

पुढे खाणी थोड्या सुरू झाल्या. नंबर शाबूत होता. पण खेपा मूठभर आणि ट्रक रांगभर, त्यामुळे पाळी सगळ्यांना मिळे आणि पोट कोणाचंच भरत नसे. दादाचा ट्रक थकला होता, दादाही. गेल्या शिमग्यानंतर तो ट्रक घेऊन माझ्या दारात आला.

"फोड," म्हणाला. "भंगारांत घाल."

इतकी वर्षं मी हेच सांगत होतो. पण पान्याला हात लावला नाही. चहा मागवला. म्हटलं, "दादा, उद्यापासून गॅरेजात ये. सकाळी ये, वाटेल तेव्हा जा. पगाराचं मी बघतो."

त्याने आत नजर टाकली. माझे दोन्ही कामगार काम नाही म्हणून मोबाईल बघत बसले होते.

"तुका मनीस जाय?"

"माणूस हवाय असं नाही, पण..."

"मागीर ही मदतच न्हय रे?"

टोमणा नव्हता तो. मग ही मदतच झाली ना, हे माझं मत विचारावं तसं त्याने विचारलं. भांडला असता तर मी त्याला ओढून आत नेला असता. मला खोटं बोलता आलं नाही.

"होय," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, चहा संपवला आणि ट्रकाची चावी माझ्या टेबलावर ठेवून बसस्टँडकडे निघून गेला. मदतीबद्दलचं माझं म्हणणं त्याला अखेर पटलं होतं.